बाकावरची जागा : शाळेचा अभिमान आणि वर्गातलं जगणं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, पाचवीतल्या मुलांवर बोलेन म्हणतो. पलीकडे जरा शांतता झाली. मग ते म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे ना?" (हशा) त्यांचं बरोबर आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसानं आत्मा, मुक्ती, फार तर नीती यांवर बोलावं अशी अपेक्षा असते. पण गेल्या जूनमध्ये एक लहानसा प्रसंग घडला आणि तो काही डोक्यातून जाईना. तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या भागातल्या एका हायस्कूलनं मला 'नवागतांचे स्वागत' या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. आपल्याकडची जुनी रीत तुम्हाला माहीत आहे. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा आणि पाचवीपासून हायस्कूल. 2009च्या शिक्षणहक्क कायद्यानं पाचवीपर्यंत प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी केली. तरी कितीतरी हायस्कुलांत नवी मुलं येतात ती अजून पाचवीतच. दहा-अकरा वर्षांची पोरं. काल आपल्या शाळेत सगळ्यांत मोठी होती, आज एकदम सगळ्यांत लहान झाली. नवं दप्तर, जरा मोठाच शिवलेला गणवेश, आणि डोळे भिरभिरते.

स्वागत छान झालं. ढोल-ताशा होता, प्रत्येकाला गुलाबाचं फूल होतं. दहावीच्या मुलींनी शाळेचं गीत म्हटलं आणि नव्या मुलांकडून दोनदा म्हणवून घेतलं. मुख्याध्यापक म्हणाले, आजपासून तुम्ही या मोठ्या कुटुंबाचे झालात, या शाळेचा अभिमान बाळगा. मीही तसंच काहीतरी बोललो. मग एक शिक्षक पुढे आले आणि त्यांनी याद्या वाचायला सुरुवात केली. अ तुकडी, ब तुकडी, क, ड. ज्याचं नाव येईल त्यानं उठायचं आणि आपल्या रांगेत जाऊन उभं राहायचं.

ड तुकडीच्या रांगेतला एक मुलगा माझ्या खुर्चीपाशी होता. त्यानं मला हळूच विचारलं, "आजोबा, अ म्हणजे हुशार ना?"

मी म्हटलं, "नाही रे बाळा, सगळ्या तुकड्या सारख्याच असतात."

मित्रहो, मी खोटं बोललो. चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलेला माणूस दहा वर्षांच्या मुलाशी खोटं बोलला आणि त्याला ते कळलंही. त्यानं पुढे काही विचारलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला द्यायला हवं होतं ते उत्तर आहे असं समजा. ते द्यायला मला तासभर लागतोय, हा आमच्या व्यवसायाचा दोष. (हशा)

आता मुद्दा असा. एकाच सकाळी, एकाच पटांगणावर आपण त्या मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. गीतातून सांगितलं की तुम्ही सगळे एक आहात. यादीतून सांगितलं की तुम्ही एक नाही आहात. इंग्रजी शाळांत ज्याला 'स्कूल स्पिरिट' म्हणतात, आपण शाळेचा अभिमान म्हणतो, तो गीताच्या बाजूचा. आणि वर्गातलं रोजचं जगणं, म्हणजे कोण कुणाशेजारी बसतं, डबा कुणाबरोबर खातं, कुणाला हाक मारतं, ते यादीच्या बाजूचं. या दोहोंचं नातं काय, हा आजचा प्रश्न. तो मी तीन कलाकृतींच्या आधारानं तपासणार आहे. दोन कादंबऱ्या, एक चित्रपट. शिक्षणावरचे अहवाल मीही वाचले आहेत, पण बाकावर काय चालतं ते गोष्ट सांगणाऱ्यांना जास्त दिसतं असं माझं मत आहे.

तपासायला मोजपट्टी हवी. ती मी जॉन ड्युईकडून घेतो. 1916 साली त्याचं 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हे पुस्तक आलं. त्यात तो विचारतो की एखादा समूह चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? नुसती एकी बघून चालणार नाही. चोरांच्या टोळीतही एकी असते. म्हणून तो दोन प्रश्न विचारायला सांगतो. एक, आतल्या माणसांमध्ये खरोखर वाटून घेतलेलं, सामाईक असं किती आणि किती प्रकारचं आहे? दोन, हा समूह बाहेरच्यांशी किती मोकळेपणानं देवाणघेवाण करतो? चोरांची टोळी दोन्हींत नापास होते. आत सामाईक असते ती फक्त लूट, आणि बाहेरच्यांशी व्यवहार तो लपण्याचा.

हा ड्युई आपल्याला परका नाही. 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर त्याच्या वर्गात बसले होते. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी जे भाषण लिहिलं आणि जे त्यांना करू दिलं गेलं नाही, त्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ड्युईचा हा विचार स्पष्ट दिसतो. दोघांनीही जीवशास्त्रातला एक शब्द समाजाला लावला. आपली मुलं विज्ञानाच्या तासाला 'परासरण' शिकतात ना, पडद्यातून पाणी इकडून तिकडे झिरपणं, त्याच कुळातला हा शब्द. समाजात असं झिरपणं हवं. ते थांबलं की समाजाचे कप्पे होतात. आता ही पट्टी हातात ठेवून आपण शाळेत जाऊ.

पहिली कादंबरी इंग्लंडची आहे, कारण शाळेच्या अभिमानाचं हे सगळं सामान मूळ तिथलं. हाऊस, त्यांचे कॅप्टन, सामने, ढाली. थॉमस ह्यूजची 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज', 1857. शाळा रग्बी, मुख्याध्यापक थॉमस अर्नोल्ड. हा अर्नोल्ड 1828 पासून 1842 मध्ये मरेपर्यंत तिथं होता आणि ह्यूज स्वतः त्याचा विद्यार्थी. शाळेवर भक्ती असलेल्या माणसानं लिहिलेलं हे पुस्तक आहे, आणि म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं. भक्त माणूस कधीकधी नकळत जे सांगून जातो ते टीकाकाराला सापडत नाही.

टॉम हा नवा मुलगा. गाडीतून उतरतो तेव्हा त्याला ईस्ट नावाचा, त्याच्याहून थोडा जुना मुलगा भेटतो. ईस्ट पहिली गोष्ट कुठली करतो? टॉमच्या डोक्यावरची टोपी त्याला चालत नाही. तसली टोपी घालतात ती गावातली हलकी पोरं. तो टॉमला दुकानात नेऊन शाळेला शोभेल अशी हॅट घ्यायला लावतो. म्हणजे पहिल्या तासाभरात नव्या मुलाला शाळेचा पहिला धडा मिळाला : आपण कोण, यापेक्षा आपण कोण नाही. ड्युईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळतं. गावाशी देवाणघेवाण नाही, गावापासून वेगळं दिसायचं.

पण पुढे काय होतं तेही प्रामाणिकपणे बघितलं पाहिजे. त्याच दिवशी फुटबॉलचा सामना आहे. टॉमच्या हाऊसची मूठभर मुलं एका बाजूला आणि उरलेली सगळी शाळा दुसऱ्या बाजूला. टॉम गोलपाशी चेंडूवर झेप घेतो, ढिगाऱ्याखाली चेंगरतो, आणि मोठी मुलं म्हणतात, पोरगा दमदार आहे. एका उडीत तो 'आपला' होतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजही येतो. या अनुभवाला नावं ठेवणं सोपं आहे. पण परक्या जागी आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी आपलं म्हणणं, ही लहान गोष्ट नाही. ज्यांना ती मिळाली नाही त्यांना विचारा.

रात्री हाऊसचा पुढारी, थोरला ब्रूक, भाषण करतो. आपण जिंकलो कारण आपल्यात एकी आहे असं सांगतो. आणि त्याच भाषणात तो आणखी एक गोष्ट बोलून जातो. आपल्या हाऊसमध्ये लहान मुलांचा छळ चालतो हे त्याला ठाऊक आहे. छळानं हाऊस मोडतं असंही तो म्हणतो. पण तो फारसा मध्ये पडत नाही, कारण मग लहान मुलांना तक्रारी घेऊन येण्याची सवय लागेल! त्याच रात्री फ्लॅशमन आणि त्याची टोळी लहान पोरांना चादरीत घालून छताकडे उडवतात. पुढे ब्रूक शाळा सोडून गेल्यावर हाच फ्लॅशमन टॉमला शेकोटीसमोर धरून भाजतो.

म्हणजे बघा, त्याच छताखाली, त्याच रात्री, एकीचा जयजयकार आणि हे. ह्यूजला यात विसंगती दिसते, पण ती तो शाळेच्या माथी मारत नाही. तो म्हणणार, फ्लॅशमन वाईट होता. ठीक. मग फ्लॅशमनला शाळेतून काढलं कशासाठी? लहान मुलांना भाजलं म्हणून नव्हे. तो दारू पिऊन सापडला म्हणून! कादंबरीतला हा तपशील मला फार बोलका वाटतो. दारू पिऊन हिंडणारा मुलगा शाळेची अब्रू चारचौघांत घालवतो. भाजलेलं पोर आतल्या आत राहतं. अभिमान हा बाहेरून दिसणाऱ्या डागाला जपतो. आतल्या जखमेचं त्याला पडलेलं नसतं.

मग त्या कादंबरीत खरा बदल कुठं घडतो? उत्तरार्धात. अर्नोल्ड एक नाजूक, बुजरा नवा मुलगा, जॉर्ज आर्थर, टॉमच्या ताब्यात देतो. तोवर टॉम स्वतः जुना आणि जरा वाया गेलेला. पहिल्याच रात्री आर्थर सगळ्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थनेला बसतो. कुणीतरी त्याच्यावर सपाता फेकतं. टॉम त्या फेकणाऱ्यावर आपला बूट भिरकावतो. पण नंतर टॉमला झोप येत नाही, कारण आपल्या आईला दिलेला शब्द आपण इतकी वर्षं लाजेपोटी मोडला हे त्याला आठवतं, आणि मग तोही गुडघे टेकतो. धर्माचा भाग बाजूला ठेवा. इथं घडतं ते असं की नवा मुलगा जुन्याला काहीतरी देतो. आजवर शाळा नव्यांना घडवत होती, इथं नवा शाळेला घडवतो. ड्युईला हवं असलेलं झिरपणं या पुस्तकात खरं घडतं ते त्या निजायच्या खोलीत. सामन्याच्या मैदानावर तसं काही घडत नाही.

आता आपल्याकडे येऊ. मिलिंद बोकिलांची 'शाळा', 2004. तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलीय. मुकुंद जोशी नववीत आहे, पाचवीत नव्हे, हे मला मान्य. पण वर्गाचं आतलं जगणं मराठीत इतक्या जवळून कुणी क्वचितच दाखवलं असेल. सगळे तिला कोवळ्या प्रेमाची कादंबरी म्हणतात. ती आहेच. मी तिच्याकडे जरा वेगळ्या बाजूनं बघतो.

या कादंबरीचं नाव 'शाळा', पण तिच्यात शाळेचा अभिमान असा जवळजवळ नाही. जोशीची निष्ठा कुणावर आहे? सुऱ्या, चित्रे, फावड्या या मित्रांवर. शिरोडकरवर. एखाद्या चांगल्या शिक्षकावर. शाळा या संस्थेवर नाही. चौघं जमतात ते शाळेत नाही, एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत. मला ही जागा फार अचूक वाटते. ज्या इमारतीला अजून मालक राहायला आलेला नाही, नियम नाहीत, घंटा नाही, तिथं मुलांचं खरं बोलणं होतं. वर्गात मुलं एकीकडे, मुली एकीकडे. साधं बोलायचं तरी मोहीम काढावी लागते. शाळेनं मुलांना एका खोलीत आणलं, आणि एकमेकांपर्यंत पोचू मात्र दिलं नाही.

आणि काळ कुठला? आणीबाणीचा. बाहेर देशात शिस्तीचा गजर चालू आहे, 'अनुशासनपर्व' हा शब्द त्याच दिवसांतला. बोकील हे मुलांच्या कानाकोपऱ्यातून ऐकवतात, ओरडून सांगत नाहीत. पण वाचणाऱ्याला दिसतं की वर्गाची शिस्त आणि देशाची शिस्त एकाच जातीची आहे. दोन्हीकडे गप्प बसण्याला एकी म्हणतात.

माझी एक तक्रारही आहे. कादंबरी जोशी सांगतो, म्हणून जोशीला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. जोशीच्या पाठीशी समजूतदार घर आहे, पुस्तकं आहेत. फावड्या वेगळ्या घरातून येतो. त्याचं नववीचं वर्ष त्याच्या तोंडून कसं वाटलं असतं? टोळक्यात तो आहे, प्रेमानं आहे, पण त्याच्या बाजूनं गोष्ट कुणी विचारलेली नाही. हा मी लेखकाचा दोष मानत नाही. निवेदक निवडला की त्याची नजर स्वीकारावी लागते. पण आपण वाचक ज्या गोडव्यानं 'आमची शाळा अशीच होती' म्हणतो, तेव्हा 'आमची' म्हणजे कुणाची, हे विचारत नाही. तो प्रश्न मराठीत पुढे एका दिग्दर्शकानं विचारला.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री', 2013. जब्या कैकाडी समाजातला. शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर त्याचा जीव आहे. त्याला काय हवं आहे? खरं तर फार काही नाही. इतर मुलांसारखं एक मूल म्हणून वर्गात असणं. आणि गावाला त्याच्या घरानं काय करायला हवं आहे? डुकरं धरायला हवी आहेत.

शेवटचा भाग आठवा. शाळेजवळच डुकराचा पाठलाग चाललाय. जब्या तोंड लपवतोय, कारण वर्गातली पोरं कठड्यावर बसून बघतायत, हसतायत, आणि त्यांत शालूही आहे. डुक्कर हाती येणार, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो. त्याचा बाप थांबतो. सगळं कुटुंब ताठ उभं राहतं, आणि डुक्कर निघून जातं. थिएटरात या जागी लोक हसतात. मीही हसलो होतो. मग हसू घशात अडकलं.

टीकाकार म्हणून मला या प्रसंगाबद्दल एवढंच म्हणायचंय की गीत आणि यादी यांची जी गाठ मी सुरुवातीला सांगितली, ती इथं एका दृश्यात पडली आहे. गीत सगळ्यांना सारखं उभं करतं. बावन्न सेकंद जब्या आणि त्याला हसणारी पोरं खरंच सारखी असतात. गीत संपतं, आणि यादी सुरू होते. जब्यानं गीताचा मान राखला. त्याच्या वर्गानं त्याचा मान राखला नाही. अभिमान कुणाकडे जास्त होता सांगा. पुढे मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन हे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जातं आणि त्या भिंतीवर आंबेडकरांची, सावित्रीबाईंची चित्रं रंगवलेली आहेत. आपल्या जवळजवळ प्रत्येक शाळेच्या भिंतीवर ती असतात. भिंत शिकवते आणि वर्ग विसरवतो.

कुणी म्हणेल, मंजुळे टोकाचं दाखवतात. मला ते टोकाचं वाटत नाही. जब्याला वर्गातून कुणी काढलेलं नाही. त्याचं नाव पटावर आहे. फक्त त्याच्या शेजारी कुणी बसलेलं नाही. एवढंच.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण इतरांच्या कलाकृती तपासून आपण नामानिराळं राहणं बरं नव्हे.

मी कृष्णाकाठच्या एका खेड्यातला. 1960च्या सुमाराला तालुक्याच्या गावी पाचवीत गेलो. आमच्या आळीतला एक मुलगा आणि मी, दोघं एकत्र चालत जायचो. मी अ तुकडीत, तो ड तुकडीत. जाताना एकत्र, येताना एकत्र. दिवाळीपर्यंत असं चाललं. मग माझे नवे मित्र झाले, डॉक्टरचा मुलगा, वकिलाचा मुलगा. मी त्यांच्याबरोबर थांबायला लागलो. आमचं भांडण झालं नाही. मी त्याला कधी वाईट बोललो नाही. एक दिवस लक्षात आलं की तो पुढे निघून गेलेला असतो. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही. ती शाळा कुठली ते सांगत नाही. त्या शाळेनं मला घडवलं, तिच्या स्नेहसंमेलनात मी छाती फुगवून भाषणं केली आहेत.

हे झालं मुलाचं. आता मोठ्या माणसाचं ऐका. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या समितीवर होतो. पटसंख्या घसरत होती, पालक इंग्रजी माध्यमाकडे चालले होते. उपाय म्हणून पाचवीपासून एक सेमी-इंग्रजी तुकडी काढायचं ठरलं, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. हेतू चांगला होता. मीही हात वर केला. तीन वर्षांनी मी यादी बघितली. सेमीच्या तुकडीत कुणाची मुलं होती आणि साध्या तुकडीत कुणाची, हे आडनावं वाचूनच कळत होतं. परीक्षा घेऊन निवडलं होतं, कुणी कुणाची जात विचारली नव्हती. पण दहा वर्षांच्या मुलाच्या गुणांत त्याच्या घरातली पुस्तकं, आईचं शिक्षण, शिकवणीची फी हे सगळं आधीच मिसळलेलं असतं. ते आम्ही गाळलं आणि तळाशी जे उरलं त्याला 'साधी तुकडी' म्हटलं. मी समितीत तेव्हा काही बोललो नाही. मुदत संपली, बाहेर पडलो.

आपल्या भाषेनं हे केव्हाच ओळखलं आहे. 'वर्ग' या एकाच शब्दात खोलीही आली आणि समाजाची उतरंडही आली. आणि 'तुकडी'! शाळेच्या इमारतीत 'एकता' असा फलक आणि दारावर 'तुकडी ड'.

मग यातून वाट आहे का? आहे, आणि ती आपल्याच मुलखात काढलेली आहे. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि मुख्य म्हणजे एकत्र काम करत. त्या काळात एका पंगतीला बसणं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना कल्पनेनंही कळणार नाही. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडून मुलांना जेवू घातलं, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. रयतच्या जुन्या विद्यार्थ्यांत जो अभिमान दिसतो तो मी फार जवळून पाहिलाय. तो गीतानं आलेला नाही. ज्याच्याबरोबर भाकरी थापली, पाणी भरलं, त्याच्याबद्दलचा तो जिव्हाळा आहे, आणि मग मागाहून त्याला संस्थेचं नाव लागलं. ड्युईच्या पहिल्या प्रश्नाला, सामाईक काय आणि किती, याला भाऊरावांनी दिलेलं उत्तर मला अजून कुणी मागे टाकलेलं दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. शाळेचा अभिमान हा शिकवायचा विषय नाही. तो वर्गातल्या जगण्यातून उरतो, दुधावर साय यावी तसा. आणि एखाद्या शाळेच्या अभिमानाची परीक्षा घ्यायची असेल तर स्नेहसंमेलनाला जाऊ नका. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत जा आणि बघा, सगळ्यांत शेवटी आलेलं पोर डबा कुणाबरोबर खातंय.



प्रश्न (एक शिक्षिका) : सर, मी पाचवीलाच शिकवते. सगळी मुलं एकत्र केली तर हुशार मुलांचं नुकसान होतं, असं पालक म्हणतात. त्यांना काय सांगू?

उत्तर : बाई, हा प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. एका वर्गात साठ मुलं, कुणाला भागाकार येतो, कुणाला वाचताही येत नाही. तुमची ओढाताण होते, हे माझ्यासारख्या खुर्चीवरच्या माणसानं विसरू नये. एखाद्या तासापुरते गट करा, गणिताला वेगळे, वाचनाला वेगळे, आणि ते बदलत ठेवा. जो गणितात मागे तो चित्रकलेत पुढे असेल, हे वर्गाला दिसू दे. माझा विरोध आहे तो पाच वर्षं न बदलणाऱ्या, दारावर अक्षर लिहिलेल्या वाटणीला. आणि पालकांना सांगा की तुमच्या हुशार मुलाचंही नुकसान होतंय. मी अ तुकडीत होतो. त्यात माझं काय गेलं ते मी मघाशी सांगितलं.

प्रश्न (एक तरुण) : मग शाळेचं गीत, हाऊस, सामने हे सगळं बंदच करायचं का?

उत्तर : अजिबात नाही! मुलांना गाऊ दे, खेळू दे, घसा बसेपर्यंत ओरडू दे. टॉम ब्राउनची ती उडी मला अजून आवडते. फक्त हाऊस पाडताना चिठ्ठ्या टाका, म्हणजे अ आणि ड एका रंगात येतील. हे काही शाळा करतातही. आणि यादी वाचायची ती ढोल वाजवून झाल्यावर लगेच नको. खरं तर अशी यादीच नको. त्या मुख्याध्यापकांना मी हे पत्रानं कळवलं आहे. त्यांचं उत्तर आलं, साधंच आहे, की या वर्षी तुकड्या हजेरीच्या क्रमानं पाडून बघतो, पुढचं पुढे. जूनमध्ये मला परत बोलावलंय. तो मुलगा आता सहावीत जाईल. भेटला तर त्याला सांगायचंय की तू विचारलंस ते बरोबर होतं आणि आजोबा चुकले होते.